घाटाखालून दिसतं ते पुणं



मागच्या पावसाळ्यात पुण्याला कविता वाचायला गेलो होतो. कुणी बोलावलं, सभागृह कुठलं, ते सांगत बसत नाही. जाण्यायेण्याचं भाडं दिलं, शाल दिली, नारळ दिला. माझी कविता गोदीतल्या पाण्यावर होती. वाचताना मी 'पानी' म्हणालो. माझी आई पानी म्हणते, आजी पानी म्हणायची, खालापूर तालुक्यातला आमचा अख्खा बुद्धवाडा पानीच पितो. अध्यक्ष म्हणून बसलेले गृहस्थ शेवटी उठले आणि म्हणाले, आशय दाहक आहे, अनुभव अस्सल आहे, फक्त या तरुण मित्रानं 'ण' आणि 'न' यांच्याकडे जरा लक्ष द्यावं. सभागृह हसलं. वाईट नाही हसलं. लाडानं हसलं. बोबड्या पोराला हसतात तसं.

मी पण हसलो. ही माझी चूक. शाल खांद्यावर होती, तिचं वजन झालं असेल.

म्हणून आता लिहितोय. मी दहावी पास. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली माल उतरवतो, खोपोली लोकलनं जातो-येतो. इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण मला पुणं घाटाखालून दिसतं आणि घाटाखालून जे दिसतं ते वर बसलेल्याला दिसत नाही.

आधी त्या 'ण'चाच पत्ता काढू.

१७१३ साली पेशवा झाला तो बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचा. श्रीवर्धन आज रायगड जिल्ह्यात, म्हणजे माझ्याच जिल्ह्यात. त्याच्यामागून कोकणातली घरंच्या घरं घाट चढून वर गेली. त्याच्या पोरानं, बाजीरावानं, १७३० ला शनिवारवाड्याचं काम काढलं, १७३२ ला वास्तुशांत उरकली आणि दोन पिढ्यांत ही कोकणातली माणसं अस्सल पुणेकर होऊन बसली. म्हणजे घाटाखालचा माणूस पुणेकर होऊ शकतो. फक्त तो कुठल्या आळीतून चढला ते बघितलं जातं. पुढं इंग्रज आला. मोल्सवर्थ साहेबानं १८३१ ला मराठीचा मोठा कोश छापला. त्याच्या हाताखाली शब्द निवडायला शास्त्री-पंडित होते, ते ब्राह्मण. त्यांच्या माजघरातली बोली ती मराठी ठरली. कुणब्याची, आगऱ्याची, ठाकराची, महाराची ती ग्राम्य. गोदीत पेटाऱ्यावर शिक्का मारतात ना, 'तपासले', तसा शिक्का बसला. शिक्का मारणारा कोण होता हे मग कुणी विचारत नाही.

पुण्याला आपल्या वयाचा फार अभिमान. असू दे. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात पुण्याचं नाव येतं ते इ.स. ७५८ साली. पण कर्जतहून कोंडिवड्याच्या पुढं, राजमाचीच्या पायथ्याला, रानात कोंडाण्याचं लेणं आहे. बुद्धाचं. कातळात चैत्य कोरलाय, लाकडाच्या तुळया असाव्यात तशा तुळया दगडात काढल्यात. पुण्याचं नाव पहिल्यांदा तांब्यावर उमटलं तेव्हा हे लेणं आठशे वर्षांचं म्हातारं होतं. वर घाटमाथ्यावर कार्ले, भाजे. खाली कोंडाणे, आंबिवली. बंदरावरून माल घेऊन तांडे या वाटांनी चढायचे आणि वाटेवर भिक्खू राहायचे. पुण्याच्या माणसाला लोणावळ्याची चिक्की माहीत असते, ही वाट माहीत नसते.

त्या लेण्यात एका भंगलेल्या मूर्तीशेजारी ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे. तिचा अर्थ असा, की कान्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. झालं, एवढंच. राजाचं नाव नाही, देणगीचा आकडा नाही. ज्यानं काम केलं त्याचं नाव, आणि त्याला शिकवलं त्याचं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खाली बसलो. दोन हजार वर्षं टिकलेली सही आहे ती, आणि ती काम करणाऱ्याची आहे. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता शनिवारवाड्यात या. गाईड सांगतो, वाडा बांधायला सोळा हजार एकशे दहा रुपये खर्च आला. दहा रुपयांपर्यंत हिशोब पक्का! मी विचारलं, दगड कुणी वाहिले? गाईड चांगला माणूस होता, म्हणाला, भाऊ, ते नाही लिहिलेलं. १८२८ ला वाडा जळाला, सात दिवस जळत होता, हेही त्याला पाठ. जळाल्याचे दिवस मोजलेत, राबल्याचे नाहीत.

आणि पाणी. पुण्यात पाण्याचं कौतुक ऐकावं! नानासाहेब पेशव्यानं अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजला तलाव बांधून जमिनीखालून दगडी नळ काढला, पेठांमधून हौद भरले. कारागिरी नामी आहे, मी नाकारत नाही, ज्यांनी ती केली ते हात आमच्यासारखेच होते. पण त्या हौदांवर आमच्या माणसाला बोट बुडवायची सोय नव्हती. जोतीरावांनी १८६८ ला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. कात्रजचं पाणी शहरात आल्याला तेव्हा शंभरावर वर्षं झाली होती. ज्या शहरानं आम्हाला शंभर वर्षं पाणी दिलं नाही ते शहर आता आम्हाला पाणी कसं म्हणायचं ते शिकवतंय.

घाटाखाली खोपोलीत पण असंच एक तळं आहे. नाना फडणीसानं बांधलेलं, काठाला महादेवाचं देऊळ. घाट चढणाऱ्या वाटसरूंसाठी बांधलं म्हणतात. लहानपणी मी त्याच्या पायऱ्यांवर बसून विचार करायचो, वाटसरू म्हणजे कोण? पालखीत बसलेला, का पालखी खांद्यावर घेतलेला? सरकारी ओझं डोक्यावर घेऊन घाट चढणारा वेठबिगार महार वाटसरूंत धरत होते का? याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांना २० मार्च १९२७ उजाडावा लागला. तेव्हा उत्तर काय असेल ते तुम्हीच काढा.

पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि मागं झाडू, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त लिहिलंय. त्यावर आता नवे विद्वान कागद मागतात. पुरावा दाखवा म्हणतात. ठीक. १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये मुक्ता साळवे नावाच्या मांगाच्या पोरीचा निबंध छापून आलाय. फुल्यांच्या शाळेतली पोर. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम सदतीस वर्षं झालेली, ती पाहिलेले म्हातारे घरोघर जिवंत होते. ती लिहिते, की मांग-महार तालीमखान्यासमोरून गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत. ज्यांना लिहू दिलं नाही त्यांच्याकडं दप्तर मागता? आमचं दप्तर ही पोर आहे.

पण थांबा. नुसतं शिव्या देऊन मोकळं व्हायला पुणं एवढं सोपं नाही. १८४८ ला मुलींची शाळा भरली ती भिड्यांच्या वाड्यात, आणि वाडा देणारा भिडे ब्राह्मण होता. त्या वाड्याचं पुढं काय केलं? कित्येक वर्षं मोडकळीला आलेला पडून होता, कोर्टकज्जे चालले, शेवटी २०२३ च्या डिसेंबरात रातोरात पाडला, स्मारक करायचंय म्हणून. शिवराम जानबा कांबळ्यांनी 'सोमवंशीय मित्र' काढला तो १९०८ मध्ये, पुण्यातूनच. तो आपल्या या पानांचा आजा. १९२९ च्या ऑक्टोबरात पर्वतीच्या देवळासाठी सत्याग्रह झाला, सत्याग्रहींवर दगड पडले. १९३२ च्या २४ सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात आपल्या स्वतंत्र मतदारसंघाचा गळा आवळला गेला तोही पुण्यातच, कराराला नावसुद्धा पुण्याचं. आणि राजा ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' १९७२ ला छापला तो 'साधना'नं, पुण्याच्याच साप्ताहिकानं. काडीही पुण्यातली, पाण्याची बादली घेऊन धावले तेही पुण्यातले. हे शहर दोन आहे. एक शहर पाट्या लिहितं. दुसऱ्याचं नाव पाटीवर नाही.

आता आपल्या लोकांना थोडं बोलतो. राग आला तर येऊ द्या.

आपण १ जानेवारीला कोरेगावला जातो. मीही जातो. १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूनं पडलेल्यांची नावं त्या खांबावर आहेत, त्यात बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे आपली. बाबासाहेब १९२७ च्या १ जानेवारीला तिथं गेले. २०१८ ला, दोनशे वर्षं झाली तेव्हा, तिथं जाणाऱ्या आपल्या माणसांवर दगड पडले, गाड्या जळाल्या. आपण तिथं जातो ते नाव वाचायला. दगडावर कोरलेलं आपलं नाव, या मुलखात दुर्मीळ चीज! पण मला विचारायचंय, की जे बंदूक घेऊन मेले त्यांचीच नावं आपण वाचायची का? जे घमेलं घेऊन मेले त्यांचं काय?

कर्जतला पुण्याची गाडी थांबते तेव्हा मागून इंजिनं लावतात, घाट चढायला. तेवढ्यात लोक खाली उतरून वडे खातात. माझा आजा रेल्वेत गँगमन होता, ठाकूरवाडी, मंकी हिल, नागनाथ असा घाटभर फिरलेला. बोगद्यात शिरताना टोपी काढायचा. मी लहान होतो, विचारलं, आत देव आहे का? म्हणाला, देव नाय, मानसं हायत.

मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं, आजा काय म्हणत होता. बोरघाटातून १८३० ला गव्हर्नर माल्कमनं गाडीरस्ता काढला. मग रेल्वे. १८५६ च्या मे महिन्यात पळसदरीहून खोपोलीपर्यंत रूळ आले. १८५८ च्या जूनमध्ये वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. मधला घाट तेव्हा झाला नव्हता. म्हणजे पाच वर्षं मुंबईचा साहेब आणि पुण्याचा रावबहादूर खोपोलीला गाडीतून उतरायचा, पालखीत नाहीतर तट्टावर बसायचा आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत चढायचा. पुण्याला रेल्वे आली असं पुस्तकात लिहितात. दोन रेल्वेंच्या मधे आमचे खांदे होते, ते लिहीत नाहीत.

घाटाचं काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झालेलं. सुमारे पंधरा-सोळा मैलांत अठराशे एकतीस फूट चढ. पंचवीस बोगदे. सुरुंगाच्या दारूनं आणि पहारीनं. कडा इतका सरळ, की माणसाला वरून दोरानं सोडायचे, तो लोंबकळत भोक पाडायचा, दारू भरायचा. १८६१ ला एका वेळी बेचाळीस हजार माणूस कामावर होतं. आज खोपोली शहरात पेटलेल्या चुली मोजल्या तरी एवढ्या भरायच्या नाहीत. पटकी आली, हिवताप आला, देवी आल्या. पावसात काम बंद पडलं की मजुरी बंद. मेलेल्यांचा आकडा पंचवीस हजारांच्या घरात सांगतात. कोरेगावच्या खांबावर दोन्ही बाजूंची सगळी नावं लिहिली तरी त्याच्या पासंगाला पुरायचं नाही.

१८५९ च्या सुरुवातीला मजुरी थकली म्हणून ही माणसं उठली. दंगा झाला, साहेबांना पळता भुई थोडी झाली. पहिला ठेकेदार फॅव्हिएल, त्याच्याकडून काम गेलं. दुसरा ट्रेडवेल, तो विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारानं मेला. मग त्याची बायको अॅलिस ट्रेडवेल हिनं ठेका पुरा केला. १८६३ च्या मे महिन्यात घाट सुरू झाला. बाई हिमतीची होती, वादच नाही. पण बघा, ठेकेदाराचं नाव मला माहीत आहे, त्याच्या बायकोचं नाव मला माहीत आहे. बेचाळीस हजारांतलं एक नाव मला माहीत नाही. एक! त्यांच्यातल्या किती बायका होत्या तेही नाही. आमच्याकडं फक्त शिंग्रोबा राहिला. धनगर होता, त्यानं साहेबाला घाटाची वाट दाखवली आणि साहेबानं बक्षीस म्हणून गोळी घातली, अशी गोष्ट सांगतात. घाटात त्याचं देऊळ आहे, ड्रायव्हर लोक नाणं टाकून पुढं जातात. खरं-खोटं शिंग्रोबाला ठाऊक. पण लोकांनी नाव राखायला एक देऊळ बांधलं, एवढं खरं.

ही रेल्वे झाली म्हणून पुणं झालं. छावणीचा माल त्या रेल्वेनं चढला, छापखान्याचे खिळे त्या रेल्वेनं चढले, शुद्ध मराठीची पुस्तकं छापायचा कागद त्याच रेल्वेनं चढला. विद्येच्या माहेरघराचा जिना आमच्या अंगणातून जातो. जिन्याखाली कोण गाडलंय हे वरच्या मजल्यावर कुणी विचारलं नाही.

आणि हे जुनं झालं म्हणू नका. २००२ ला एक्स्प्रेसवे पुरा झाला. खालापूरच्या टोलनाक्यावरून जाताना एक सुळका दिसतो, इर्शाळगड. गाडीतून फोटो काढतात लोक. त्याच्या पोटाला इर्शाळवाडी होती, ठाकरांची. २०२३ च्या १९ जुलैच्या रात्री डोंगर खाली आला. सत्तावीस प्रेतं मिळाली, सत्तावन्न माणसं मिळालीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता, मदत करणारे रात्री पावसात चिखल तुडवत चढले, वर जेसीबी नेता येईना, हातांनी माती उपसली. खाली तेव्हा एक्स्प्रेसवेवर पुण्याच्या गाड्या चालूच होत्या, मी पुलावर उभा राहून पाहिल्यात. दोन तासांत पुणं गाठायला रस्ता होता. वाडीला नव्हता.

तर त्या संमेलनाच्या दिवशी मी शाल पिशवीत कोंबली आणि गुलटेकडीला गेलो. मुक्ता साळवेची गुलटेकडी. आज तिथं मार्केट यार्ड आहे. ज्या मैदानाची तिनं तशी गोष्ट लिहिली तिथं आता आमच्या जातीचे, सगळ्या जातींचे हमाल पाठीवर पोती घेऊन पळतात. बाबा आढावांनी त्यांची हमाल पंचायत उभी केली, १९७४ ला 'कष्टाची भाकर' काढली. 'एक गाव एक पाणवठा'वालेही तेच बाबा. तिथं झुणका-भाकर घेतली. समोर एक म्हातारा हमाल, मराठवाड्याचा असावा, माझे हात बघून म्हणाला, गोदीत का? मी म्हटलं, कसं वळखलं? म्हणाला, आकड्याचा घट्टा वेगळा असतो. मग त्यानं तांब्या पुढं सरकवला आणि म्हणाला, पानी घे. मी घेतलं. पुण्यात त्या दिवशी ते पहिलं पानी मी प्यायलो. वर सभागृहात टेबलावर बाटली होती, सील न तोडलेली, तशीच ठेवून आलो होतो.

त्या रात्रीपासून दोनशे पानी वही घातलीय. घाटात राबलेल्यांची नावं लिहितोय. बुद्धवाड्यात, ठाकूरवाड्यांत, कातकरवाड्यांत, खोपोलीच्या चाळींत जाऊन विचारतो. १८६३ पर्यंतचं एक नाव हाती लागलं नाही, लागेल असं वाटतही नाही. नंतरची मिळतात, गँगमन, पॉइंट्समन, कोळसा टाकणारे, डोली उचलणारे, बोजा वाहणाऱ्या बाया. आजवर अठ्ठावीस झाली. पहिलं माझ्या आजाचं. बायांची नावं सांगताना लोक अडतात, अमक्याची आई, तमक्याची बायको. मी म्हणतो, तसं लिहिणार नाही, नाव सांगा. दोन ठिकाणी म्हाताऱ्या स्वतःच पुढं आल्या.

पुढच्या अंकात ती यादी छापू. ज्यांच्या घरी घाटाची गोष्ट आहे त्यांनी नाव लिहून आणावं, ज्या बोलीत सांगतात त्याच बोलीत, शुद्ध करू नये. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी कर्जत स्टेशनला जमायचं, तिथून कोंडाण्याला, बलकाच्या सहीसमोर बसून वाचायचं. अध्यक्ष महोदयांनाही पत्र टाकलंय. भाकरी आम्ही आणतो. पानी ज्यानं त्यानं आणावं.